स्वस्त रोप, दीर्घ सोबत
नाशिकच्या वसंतातील बहुवर्षायू फुलझाडे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)

मोगल अमदानीत नाशिक शहराला गुलशनाबाद म्हणत. गुलशन म्हणजे फुलबाग. पुढे हे शहर पेशव्यांकडे आले आणि नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले; परंतु फुलांशी जडलेले नाते सुटले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीची जागा, गोदाकाठची कसदार काळी जमीन आणि हिवाळ्यातील कोरडी, थंड हवा या तिन्ही गोष्टी गुलाबाला व शेवंतीला मानवणाऱ्या आहेत. दिंडोरी तालुक्यातील जानोरी-मोहाडी परिसरात आज हरितगृहांमधून गुलाबाचे पीक घेतले जाते, ते याच हवामानाच्या बळावर.

फेब्रुवारी-मार्चचे दिवस आले की नाशिकमध्ये रोपांची खरेदी-विक्री जोरात सुरू होते. महानगरपालिकेच्या मुख्यालयात, म्हणजे राजीव गांधी भवनात भरणाऱ्या पुष्पोत्सवात रोपवाटिकांची दालने मांडलेली असतात. गंगापूर रस्त्यावरील रोपवाटिकांतही गर्दी होते. तालुक्याच्या आठवडे बाजारात एखादा विक्रेता हातगाडीवर काळ्या पिशव्यांतील रोपे मांडून बसतो. हंगाम संपत आलेला असल्यामुळे पुष्कळशी रोपे उतरत्या किमतीस मिळतात. शाळेचे अंगण, ग्रामपंचायतीचे आवार, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, स्मशानभूमीची वाट अशा किती तरी जागा शोभिवंत करण्याची ही संधी असते. मात्र या संधीचा लाभ व्हावयाचा तर काही गोष्टी आधी समजून घेणे अगत्याचे आहे. फाल्गुनात हौसेने आणलेले रोप वैशाखात वाळून गेले, तर ते कितीही स्वस्तात मिळालेले असो, महागच पडले असे म्हटले पाहिजे.

स्वस्ताई कशात आहे?

फुलझाडांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. झेंडू, अॅस्टर, पिटुनिया, फ्लॉक्स ही हंगामी झाडे. बीपासून उगवणे, फुलणे आणि मरणे हा त्यांचा सारा संसार काही महिन्यांत आटोपतो. याच्या उलट गुलाब, मोगरा, जास्वंद, तगर, शेवंती, कर्दळ, निशिगंध, अबोली, लिली ही बहुवर्षायू झाडे होत. ती एकदा रुजली की वर्षानुवर्षे टिकतात. त्यांतील काही बारमाही हिरवी राहतात, तर काही ठरावीक काळी जमिनीवरून दिसेनाशी होऊन कंदाच्या रूपाने भूमीत विश्रांती घेतात आणि ऋतू आला की पुन्हा वर येतात.

वसंतातील विक्रीत गिऱ्हाइकाची नजर साहजिकच फुलांनी डवरलेल्या हंगामी रोपांवर खिळते. ती त्या वेळी ऐन भरात असतात. परंतु त्यांचे आयुष्य संपत आलेले असते. एप्रिलच्या उन्हात ती माना टाकतात. त्यांच्या शेजारीच शेवंतीचा फुले संपून गेलेला, कळाहीन दिसणारा बुंधा किंवा निशिगंधाचे धूळमाखले कंद पडलेले असतात. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, म्हणूनच ते स्वस्त असतात. जाणत्या माणसाने नेमके तेच उचलावे.

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही गोष्ट नव्याने सांगण्याची गरज नाही. द्राक्षवेल हीही बहुवर्षायूच आहे. एकदा लावलेली बाग नीट जोपासल्यास बारा-पंधरा वर्षे उत्पन्न देते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओकीबोकी दिसणारी बाग पाहून कोणीही ती मेली असे म्हणत नाही. पुढच्या फुटीची ती तयारी असते, हे घरातील पोरालाही ठाऊक असते. हीच दृष्टी शाळेच्या बागेकडे वळवली की निम्मे काम झाले.

विलायती वसंत आणि नाशिकचा वसंत

बागकामाची पुष्कळशी पुस्तके थंड देशांत लिहिली गेली. तेथे वसंत म्हणजे हिमतुषार संपून सौम्य उबेचा आरंभ. त्यानंतरचा उन्हाळाही सुसह्य असतो. त्यामुळे बहुवर्षायू झाडे वसंताच्या प्रारंभी जमिनीत लावावीत, हा त्या पुस्तकांतील सल्ला त्या देशांपुरता अगदी रास्त आहे. तोच सल्ला नाशिकमध्ये जसाच्या तसा उचलणे मात्र योग्य नव्हे.

येथे पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा असला, तरी बागेतला वसंत माघाच्या अखेरीसच सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे किमान तापमान कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरते. फेब्रुवारीच्या मध्यावर ही थंडी ओसरते, झाडांच्या डोळ्यांत रस चढू लागतो आणि नवी फूट दिसू लागते. ही उमेद जेमतेम सहा-सात आठवड्यांची असते. मार्चच्या अखेरीस ऊन तापू लागते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. मुळे खोल जाण्यापूर्वीच रोप या भट्टीत सापडते. पाऊस येतो तो जूनमध्ये, आणि जुलैत त्याचा खरा जोर असतो.

यावरून एक साधा नियम निघतो. नाशिकचा वसंत हा खरेदीचा आणि वाढवणीचा हंगाम आहे. लागवडीचा हंगाम पावसाळा हा होय. फाल्गुनात रोप विकत घ्यावे, सावलीत ठेवून त्याची एकाची अनेक रोपे करावीत आणि मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर ती जमिनीत लावावीत. ज्या ठिकाणी बारमाही पाणी आहे आणि ते घालणारा माणूसही आहे, तेवढ्याच ठिकाणी वसंतात प्रत्यक्ष लागवड करण्यास हरकत नाही.

रोप पारखून घ्यावे

रोप विकत घेताना फूल पाहू नये. खोड, पान आणि मूळ पाहावे. पानांची मागची बाजू उलटून पाहावी. जास्वंदीवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण आढळतो. असे एक रोप घरी आणले की सारी बाग त्याच्या तावडीत सापडते. पिशवीच्या तळातून मुळ्या बाहेर येऊन जमिनीत शिरलेल्या असतील, तर रोप उचलताना त्या तुटतात आणि रोपाला धक्का बसतो. पिशवीतील मातीचा गोळा घट्ट असावा. हलवताच रोप डुलू लागले, तर ते नुकतेच पिशवीत खोचले आहे असे समजावे.

गुलाबाच्या बाबतीत एक विशेष खबरदारी आहे. विक्रीचा गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेला असतो. त्या सांध्याच्या वरची फूट ती खरी, आणि खालून येणारी फूट रानटी. खालची फूट वेळच्या वेळी मुळापासून काढली नाही, तर ती वरच्या कलमाचे अन्न खाऊन त्याला मारते. पुष्कळ शाळांच्या आवारात ‘गुलाबाला फुलेच येत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ अनेकदा येथे असते. सांधा स्पष्ट दिसत नसेल, तर कितीही स्वस्त मिळाले तरी ते कलम घेऊ नये.

घरी आणलेले रोप लगेच दुसऱ्या जागी हलवू नये. आठ-दहा दिवस झाडाच्या सावलीत ठेवून, बेताचे पाणी देऊन त्याला नव्या जागेचा सराव होऊ द्यावा.

एकाचे दहा

बहुवर्षायू झाडांची खरी बचत त्यांच्या किमतीत नसून त्यांच्या वाढवणीत आहे. प्रत्येक झाडाची रीत मात्र निराळी.

कर्दळ ही सर्वांत उदार. तिचे गड्डे जमिनीत पसरत जातात. बेट खणून प्रत्येक तुकड्यावर एक-दोन जिवंत डोळे राहतील असे भाग करावेत. सांडपाण्याच्या नालीकाठी, हातपंपाच्या ओट्याशी ओलावा असतो. तेथे कर्दळ आनंदाने वाढते आणि चिखलही कमी होतो. गवती चहाचे ठोंब आणि स्पायडर लिलीचे कंद याच पद्धतीने विभागता येतात.

शेवंतीची फुले जानेवारी-फेब्रुवारीत संपली की झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावे. काही दिवसांतच बुंध्याभोवती नवे फुटवे येतात. यांनाच शेतकरी काश्या म्हणतात. मुळांसह त्या अलगद वेगळ्या करून पिशव्यांत लावाव्यात आणि उन्हाळाभर सावलीत जगवाव्यात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या लागवडीस तयार होतात आणि दसरा-दिवाळीपासून फुले देऊ लागतात.

जास्वंद, तगर आणि अबोली छाट कलमाने येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, फार कोवळीही नव्हे आणि फार जुनीही नव्हे अशी फांदी निवडावी. अबोलीची फांदी साहजिकच बारीक असते. पेराच्या लगेच खाली तिरपा काप घ्यावा, खालची पाने काढून टाकावीत आणि माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग असलेल्या मिश्रणात फांदी रोवावी. सावली आणि सतत ओल मिळाल्यास महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. मोगऱ्याचे मात्र फाल्गुनात काही करू नये. तो याच सुमारास कळीवर येतो. त्याची दाब कलमे पावसाळ्यात करावीत.

निशिगंधाचे कंद कोरडे मिळतात आणि ते ठेवण्यास सोपे असतात. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचे, घट्ट कंद निवडावेत. पाण्याची सोय असल्यास एप्रिल-मेमध्ये, नसल्यास पावसाच्या आरंभी, वीतभर अंतरावर ते लावावेत. एकेरी फुलाचा वास अधिक आणि दुहेरी फूल दिसण्यास भरदार. एकदा लावलेले कंद साधारण तीन वर्षे त्याच जागी फुले देतात. नंतर ते खणून, विभागून नव्या जागी लावावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या फुलाची ‘फुले रजनी’ ही जात दिली आहे, तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या जाती दिल्या आहेत. खरेदी करताना जातीची चौकशी करण्याची सवय लावून घ्यावी.

फुलांच्या जोडीने कोरफड, अडुळसा, पानओवा यांसारख्या घरगुती उपयोगाच्या बहुवर्षायू वनस्पतींनाही बागेत जागा द्यावी. अडुळशाला जनावरे तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या आवारात तोच कुंपणाचे काम करतो.

पाण्याचा हिशेब

नाशिक जिल्हा एकच असला, तरी त्याचे पाणी एकसारखे नाही. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर येवला, नांदगाव, चांदवड या पूर्वेकडील तालुक्यांत तो पाचशे-सहाशेच्या घरात राहतो. गंगापूर धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या शहराने जी चैन करावी, ती टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला परवडणारी नाही. जेथे बायाबापड्या हंड्यासाठी रांगेत उभ्या आहेत, तेथे फुलझाडांना नळ सोडलेला कोणाच्याही डोळ्यांत खुपेल, आणि ते योग्यच आहे.

नेमक्या याच ठिकाणी वसंतातील वाढवणीचा मार्ग उपयोगी पडतो. समजा, शंभर रोपे मार्चमध्ये जमिनीत लावली. प्रत्येकी तीन लिटर धरले, तर एका पाळीला तीनशे लिटर पाणी हवे, आणि ऐन उन्हाळ्यात अशी पाळी दिवसाआड द्यावी लागेल. तीच शंभर रोपे पिशव्यांत, झाडाच्या दाट सावलीत, एकमेकांना खेटून ठेवली, तर प्रत्येकी पावशेर पाणी पुरते. दिवसाकाठी पंचवीस लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या. शाळेत मध्यान्ह भोजनापूर्वी मुले हात धुतात, तांदूळ-भाज्या धुतल्या जातात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाखाली सांडलवण होते. एवढे पाणी साबणाचा अंश टाळून एका भांड्यात धरले, तरी ही गरज भागते.

मोठ्या झुडपांसाठी मडक्याची जुनी युक्ती आजही उपयुक्त आहे. कच्च्या भाजणीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे व वर झाकणी घालावी. पाणी मुळाशी हळूहळू झिरपते आणि उन्हाने उडून जात नाही.

जमीन, खड्डा आणि पालापाचोळा

पावसाळ्यातील लागवडीचे खड्डे मात्र उन्हाळ्यातच घ्यावेत, म्हणजे ते उन्हाने चांगले तापतात व किडींचा नायनाट होतो. कर्दळ, शेवंती, अबोली यांना फूटभर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. गुलाब, जास्वंद, तगर यांना दीड फुटाचा घ्यावा. गोदाकाठची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हात भेगाळते. तीत पोयटा, थोडी वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी साचणार नाही अशी वाट ठेवावी. मुरमाड जागी याच्या उलट, शेणखताचे व गाळमातीचे प्रमाण वाढवावे.

माघ-फाल्गुनात पिंपळ, कडुनिंब आदी वृक्ष पाने गाळतात. शाळेचे व कचेरीचे आवार झाडून हा पालापाचोळा पेटवून देण्याची रीत सर्वत्र दिसते. तो जाळणे म्हणजे बागेचे पांघरूण जाळणे होय. हाच पाचोळा चार बोटे जाडीने रोपांच्या बुंध्याभोवती, परंतु खोडाला न चिकटवता, अंथरला तर ओल टिकते, तण दबते आणि पावसाळ्यात त्याचेच खत होते. ऊस पिकवणाऱ्या गावांत पाचटाचाही असाच उपयोग करावा.

सौंदर्याबरोबर सावधपणा

स्वस्त मिळते म्हणून प्रत्येक झाड घेण्यासारखे नसते. कण्हेर दिसण्यास सुंदर, पाण्यावाचून तगणारी आणि जनावरे न खाणारी. म्हणूनच ती रस्त्यांच्या दुभाजकांवर लावतात. परंतु तिचे सर्व भाग विषारी आहेत. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बिया तर मुले खेळण्यासाठी गोळा करतात, आणि त्या प्राणघातक ठरू शकतात. अंगणवाडीच्या व प्राथमिक शाळेच्या आवारात या दोन्ही झाडांना मज्जाव असावा. रोपवाटिकेत रंगीबेरंगी घाणेरी शोभेचे झाड म्हणून मिळते. ही परदेशातून आलेली वनस्पती आपल्या गायरानांत व जंगलांत माजून गवत आणि देशी झाडोरा गिळत आहे. ग्रामपंचायतीने ती विकत घेऊन लावणे म्हणजे स्वखर्चाने तण पेरणे होय.

लागवडीइतकेच जतन

ग्रामपंचायतविषयक १९५८ च्या अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत रस्त्यांच्या कडेला व सार्वजनिक जागी झाडे लावणे या कामाबरोबरच त्यांचे जतन हेही काम म्हणून नमूद आहे. प्रत्यक्षात लागवडीचा समारंभ होतो, छायाचित्र निघते, आणि जतन हा शब्द कागदावरच राहतो. देशात १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला. लावलेले झाड जगवणे हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

शाळेच्या बागेचा मृत्यू बहुधा एका ठरावीक काळात होतो. मेच्या आरंभी शाळेला सुटी लागते आणि जूनच्या मध्यावर ती पुन्हा उघडते. हे सहा आठवडे वर्षातील सर्वांत कडक उन्हाचे आणि त्याच काळात आवारात कोणी नसते. वर्षभर मुलांनी वाढवलेली बाग दीड महिन्यात करपते. मुले परत येऊन वाळक्या काड्या पाहतात, तेव्हा केवळ रोपांचे नव्हे, तर त्यांच्या उत्साहाचेही नुकसान होते. आपल्या श्रमाची कोणाला पर्वा नाही, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय मिळतो.

यास्तव सुटी लागण्यापूर्वीच पिशव्यांतील रोपे वाटून द्यावीत. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन-तीन रोपे घरी न्यावीत, आईच्या तुळशीवृंदावनाशेजारी किंवा न्हाणीच्या आडोशाला ठेवून जगवावीत आणि शाळा उघडल्यावर परत आणावीत. एका साध्या वहीत नाव, रोप आणि परत आल्याची तारीख लिहावी. जमिनीत असलेल्या झाडांसाठी ग्रामपंचायतीने कर्मचाऱ्याची किंवा बचत गटाची पाळी लेखी ठरवून द्यावी. मासिक सभेत ‘किती लावली’ याऐवजी ‘किती जगली’ हा आकडा वाचला जावा. कामाला शिस्त येण्यास एवढा एक बदलही पुरेसा होतो.

गावाची स्वतःची रोपविक्री

मित्रहो, या साऱ्या खटाटोपाचे फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसू लागते. पहिल्या वर्षी बाजारातून आणलेल्या दहा-बारा झाडांची शंभर झाली, की आवार भरून उरलेली रोपे गावालाच देता येतात. मग माघ-फाल्गुनातील एखाद्या बाजाराच्या दिवशी शाळेच्या दारातच छोटी रोपविक्री मांडता येईल. कोणी कर्दळीचे कोंभ आणील, कोणी निशिगंधाचे कंद, कोणी अबोलीची कलमे. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याने एक रोप देऊन दुसरे घ्यावे. मिळालेल्या पैशांतून बागेला झारी, खुरपे आणि शेणखत यावे. हिशेब मुलांनीच ठेवावा. गणिताचा तो उत्तम पाठ होईल.

अशा रोपाची किंमत अत्यल्प असते. परंतु गावातील पाण्यात व उन्हात ते एक उन्हाळा काढून आलेले असते. बाहेरून आणलेल्या कोणत्याही रोपापेक्षा ते त्या मातीत अधिक खात्रीने जगते. कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता, दोन बादल्या पाणी, थोडी सावली आणि सुटीतील सहा आठवड्यांची काळजी एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहू शकते. येत्या मृगापूर्वी प्रत्येक गावाने निदान शंभर पिशव्या सावलीत मांडाव्यात, हीच या प्रसंगी अपेक्षा.